येऊन राहिलो

यंदा हळदीचा पहिला कुकर आमच्या घरामागच्या शेतात लागला तेव्हा मी सराव परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. खिडकी उघडी होती. आधी लाकडाचा धूर आला, मग तापलेल्या लोखंडाचा वास, आणि त्यामागून तो तिसरा, उग्र, मातकट, घशाशी येऊन बसणारा. वसमतमध्ये त्याला कुणी वास म्हणत नाही. "सीझन लागला वाटतं," असं म्हणत बायकोनं दोरीवरचे पांढरे कपडे घाईघाईनं आत घेतले. मी लाल पेनाला टोपण लावलं.

पेपर अर्धे राहिले होते. पण शिजत्या हळदीचा वास आला की मला लाल पेन हातात धरवत नाही. मी मराठीचा मास्तर, वय बावन्न, लाल पेनावरच पोट भरत आलेला माणूस. तरी दर वर्षी या दिवसांत हे होतं. बायकोला वाटतं, मला धुराचा त्रास आहे. मीही तिला तसंच सांगत आलो आहे.

ज्यांनी हा सीझन पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जमिनीतून काढलेली ओली हळद आधी शिजवावी लागते, मग वाळवावी लागते. पूर्वी मोठ्या कढया असत. आता ट्रॅक्टरमागे ओढून नेता येईल असा लोखंडी सांगाडा असतो. मधे पाण्याची टाकी, तिच्या पोटाखाली भट्टी, बाजूला हळद भरायचे ड्रम. टाकीतली वाफ नळीनं ड्रममध्ये सोडतात. याला सगळे कुकरच म्हणतात. झाकणाच्या कडेनं वाफ फसफसायला लागली की कुकरवाला एक हळकुंड काढून त्यात काडी टोचतो. काडी आरपार गेली की शिजली. मग ड्रम पालथा होतो आणि इतकी वाफ उठते की भोवतीची माणसं कमरेपासून वर दिसेनाशी होतात. नुसते पिवळे पाय इकडून तिकडे चालत असतात. कढयांच्या काळापासून ही वाफ बघतो आहे. दर वेळी क्षणभर वाटतं, ही वाफ ओसरल्यावर वर तीच माणसं असतील कशावरून?

त्याच आठवड्यात हिंगोलीहून फोन आला. नव्यानं लिहिणाऱ्यांचं दोन दिवसांचं शिबिर होतं. "सर, तुमचा विषय ठेवलाय 'विज्ञानकथेतलं स्थळ आणि भाव'. शनिवारी सकाळी. आणि उदाहरणाला तुमची ती हळदीची कथाच घ्या. वाचूनच दाखवा ना. तिच्यासारखी हवा दुसऱ्या कुठल्या कथेत नाही सर."

मी हो म्हणालो. त्या कथेबद्दल कुणी काही म्हणालं की हो म्हणायचं, मान खाली घालायची आणि लोकांना तो विनय वाटू द्यायचा, याची मला सवय झाली आहे.

ती कथा माझी नाही.

हे चार शब्दांचं वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली. ती जब्बारची आहे. जब्बार वारंगा फाट्यावर हळदीचे कुकर बनवतो. वेल्डर आहे. कुरुंद्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याला तोंडानं हे मी कधी सांगितलं नाही, आणि त्यानं कधी विचारलं नाही.

कुरुंद्यातली एक दुपार आठवते. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असू. तेव्हा कुकर नव्हते. शेताच्या कडेला भली मोठी कढई, तिच्यात हळद, वर हळदीचाच पाला, त्यावर ओलं गोणपाट आणि गोणपाटावर दगड. जाळ लागला की गोणपाटाच्या फटींतून वाफ बाहेर यायची, कधी शीळ घातल्यासारखी, कधी म्हातारं माणूस झोपेत पुटपुटतं तशी. आम्ही दोघं कढईजवळ उकिडवे बसून ऐकत होतो.

"बोलून राहिली बघ," जब्बार म्हणाला.

"वाफ बोलते काहून रे?"

"कोंडलं की कोनीबी बोलतंय."

"मला गुर्जींनी वर्गात कोंडलं होतं तवा मी कुठं बोललो?"

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, जसं पुढं तो लोखंडाच्या पत्र्याकडं बघायला लागला. "तू न्हाई बोलनार. तू फुटशील एक दिवस."

आम्ही हसलो होतो. त्या दिवशी घरी गेलो तेव्हा दोघांच्याही भुवया पिवळ्या झाल्या होत्या.

मी शिकत गेलो, मास्तर झालो, आणि कथा लिहायला लागलो. विज्ञानकथा. दिवाळी अंकांतून यायच्या. आज त्या काढून वाचल्या तर लाज वाटत नाही, कंटाळा येतो. पांढऱ्या भिंती, निळे दिवे, आपोआप उघडणारी दारं, अंतराळस्थानक. नावाआधी 'डॉक्टर' लावलेली माणसं. आणि दर दोन पानांनी 'त्याच्या मनात एक अनामिक भीती दाटून आली' अशा तऱ्हेचं एक वाक्य. ती दाटून येत नव्हती, म्हणूनच मला तसं लिहावं लागत होतं. पांढऱ्या भिंतीला कसलाही वास नव्हता. निळ्या दिव्याखाली मी कधी उभा राहिलो नव्हतो. मग भाव आणणार कुठून? तो बाजारातून आणल्यासारखा आणायचा आणि ओळींच्या मधे ठेवायचा.

विज्ञानकथेची मोठी पंचाईत आहे ती इथेच. घटना अशी असते की ती कुणीच पाहिलेली नाही. वाचकानं तिच्यावर विश्वास का ठेवावा? शास्त्र सांगून तो बसत नाही. शास्त्र पटतं, पण अंगावर काटा येत नाही. काटा येतो तो ओळखीची वस्तू बोटभर सरकलेली दिसली की. रोजचा उंबरठा, रोजचा तांब्या, रोजचा आवाज, आणि त्यात एकच गोष्ट जरा चुकलेली. स्थळ जितकं वाचकाच्या पायाखालचं तितकी ती बोटभराची चूक मोठी. मग भीती असा शब्द लिहावा लागत नाही.

शिबिरासाठी मी वाफशाचं उदाहरण काढून ठेवलं होतं. पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांनी जमीन अशी होते की पायाला चिकटत नाही, पण मुठीत दाबली तर तिचा लाडू वळतो. चिखल नाही, कोरडी नाही. त्याला वाफसा म्हणतात आणि पेरायचं ते वाफशावरच. त्या वेळी जमीन कुठली आणि ओल कुठली हे वेगळं काढून दाखवता येत नाही. स्थळ आणि भाव यांचं तसंच आहे, असं म्हणायचं मी ठरवलं होतं. टाळ्या मिळाल्या असत्या. पण हे मला माझ्या कथांनी शिकवलेलं नाही. ते शिकवलं जब्बारच्या सात कागदांनी, आणि तेही मी ते खराब करून झाल्यावर.

अकरा वर्षांपूर्वीचा असाच सीझन. वारंग्याला त्याच्या दुकानासमोर गळक्या ड्रमांची रांग लागलेली असणार, आणि हा माणूस भर दुपारी मोटारसायकलवर वसमतला माझ्या दारात. सीझनमध्ये जब्बार दुकान सोडून आला, यावरूनच मला काहीतरी कळायला हवं होतं.

"दिग्या, एक काम हाय."

खिशातून घडी घातलेले कागद काढले. कडांना काळ्या बोटांचे ठसे.

"अर्ज लिहायचाय का?"

"अर्ज न्हाई बे. गोष्ट हाय. तुह्यासारखी. सायन्सची." मग खाली बघून, "हसू नको. चुका काढून दे. तू काय, मास्तर हायेस."

गोष्ट अशी होती. एका गावात हळदीचा कुकर लागलेला आहे. झाकणाच्या फटीतून येणाऱ्या वाफेच्या आवाजात कुकरवाल्याला शब्द ऐकू येतात: 'आमी येऊन राहिलो.' मग सगळ्यांनाच ऐकू येतात. गाव घाबरत नाही. कुणीतरी लांबून येतंय म्हणतात. कुकरवाल्यांचा चहा करणारी एक म्हातारी असते. ती म्हणते, येणारं दमून येईल. आणि रोज एक कप जास्तीचा करून भट्टीजवळच्या दगडावर ठेवते. कप रोज रिकामा सापडतो. मांजर पीत असेल, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पुढं पुण्याहून यंत्रं घेऊन शास्त्रज्ञ येतात. वाफेचा आवाज ऐकतात, आणि त्यांच्यातला मोठा साहेब पांढरा पडतो. गावकरी विचारतात, काय झालं साहेब, येऊन राहिले म्हणतेत, येतील. साहेब म्हणतो, अहो, ते येत आहेत असं म्हणत नाहीयेत. आलो, आणि येऊन इथं राहिलो, असं म्हणतायत. शेवटी म्हातारी दगडावरच्या कपाकडं बघते आणि म्हणते, "मंग इतके दिवस च्या कोनाला पाजून राहिले मी?"

संपली गोष्ट.

आमच्याकडं 'येऊन राहिलो' म्हणजे येतो आहे, वाटेवर आहे. पुण्याकडं तेच शब्द म्हणजे आलो आणि मुक्काम केला. सगळी गोष्ट त्या दोन शब्दांच्या फटीत उभी होती. आज हे मला इतकं स्वच्छ दिसतं. त्या दिवशी दिसलं नाही. मी हिंगोली जिल्ह्यात जन्मलो, घरी तेच बोलत आलो, आणि मला ती फट दिसली नाही. कारण मला ते वाक्य अशुद्ध दिसलं. वाक्य अशुद्ध दिसलं की माझं वाचणं तिथंच थांबतं. 'आमी येऊन राहिलो'वर मी आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'आम्ही येत आहोत'. पुढं प्रत्येक ठिकाणी तेच. कुकर काढून तिथं रेडिओ दुर्बीण सुचवली. म्हातारीच्या जागी प्रयोगशाळेतली सहायक. शेवटी समासात माझ्या वळणदार अक्षरात शेरा: 'बोलीभाषा टाळावी. विज्ञानकथेस शोभेल असे वातावरण हवे.'

शोभेल असे वातावरण. पांढऱ्या भिंती.

दोन दिवसांनी तो कागद न्यायला आला. उभ्यानंच चाळले. लाल शाई बघून त्याचं तोंड परीक्षेतल्या पोरासारखं झालं.

"दिग्या, 'येत आहोत' केलं सगळीकडं?"

"शुद्ध नको का?"

"पन मंग लोकांचा घोटाळा कसा व्हईल?"

"कसला घोटाळा?"

तो माझ्याकडं बघत राहिला. आणखी एक वाक्य बोलला असता तर मला कळलं असतं. पण आपली गोष्ट आपणच समजावून सांगायची, हे त्याला जड गेलं असावं. मलाही जड जातं. "काही न्हाई," तो म्हणाला. "तू म्हनतो ते बराबर असंल." कागदांची घडी घालून खिशात ठेवली आणि गेला. मागून दिसत होतं, मान आणि कान पिवळे झाले होते. कुठल्या तरी कुकरवरून थेट आलेला होता.

तो सीझन संपला. जूनमध्ये लेकीला पुण्याला शिकायला ठेवायचं होतं. आम्ही सगळे निघालो, माझी आईही. बसस्टँडवर आईनं माझ्याकडून फोन घेतला आणि पुण्याच्या घरमालकीण बाईंना ओरडून सांगितलं, "हालो, बाई, आमी येऊन राहिलो बरं का!"

फोनचा आवाज मोठा होता. पलीकडून ऐकू आलं, "अय्या, कधी आलात? आणि राहिलात कुठे?"

"आवं, आलो कुठं? येऊन राहिलो!"

"तेच विचारतेय ना आजी, कुठे राहिलात? इकडेच यायचं की सरळ!"

लेक बॅगेवर बसून पोट धरून हसली. बायको हसली. शेजारची अनोळखी माणसं हसली. मी हसलो नाही. बसस्टँडच्या त्या गर्दीत मला जब्बारची गोष्ट पहिल्यांदा ऐकू आली. वाफ, दगडावरचा कप, पांढरा पडलेला साहेब, सगळं एकदम. माझ्या हातावर काटा आला होता आणि आई विचारत होती, "काय झालं रे, थंडी वाजून राहिली का?"

त्याच वेळी मी जब्बारला फोन करायला हवा होता. म्हणायला हवं होतं की मी गाढव आहे, कागद परत दे, मी माझी शाई खोडतो. फोन आईकडून परत घेतला होता, हातातच होता. मी तो खिशात ठेवला.

पुण्याहून परत आलो आणि त्या पावसाळ्यात कथा लिहिली. कुकर काढून कढई घातली, कारण कढई माझ्याही लहानपणी होती. म्हातारीचा म्हातारा केला. चहाच्या कपाच्या जागी भाकरी. एवढं बदललं की झालं, असं मला वाटलं. ओळ मात्र तशीच ठेवली. ती बदलता येत नव्हती. एकदा बदलून बघितलीच होती.

मनाशी मी बरंच बोललो त्या दिवसांत. ओळ काय जब्बारची आहे? सगळा जिल्हा रोज बोलतो ती. वाफ ऐकली तेव्हा शेजारी मीही बसलो होतो. त्याला लिहिता येत नाही, मला येतं. त्याची गोष्ट अशीही पडूनच राहिली असती. यातलं एकेक वाक्य बघितलं तर खोटं नाही. सगळी मिळून खोटी आहेत.

कथा दिवाळी अंकात आली. तिला पारितोषिक मिळालं. लोकांनी लिहून कळवलं की मराठवाड्याच्या मातीतून असं काही पहिल्यांदाच आलं. कथेतली हवा अंगाला लागते म्हणाले. हवा. जब्बारच्या गोष्टीतून मी काय नेलं हे लोकांनी बरोबर एका शब्दात सांगितलं होतं. घटना मी बदलल्या होत्या, पात्रं बदलली होती. नेली होती ती हवा. तिच्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं.

दिवाळीनंतर घराच्या फाटकाची बिजागरी तुटली म्हणून वारंग्याला गेलो. खरं म्हणजे त्यानं वाचलंय का, हे बघायला गेलो होतो.

"या सर," तो म्हणाला. "बसा."

मला वाटलं, थट्टा करतोय. समोरच्या टपरीकडं बघून त्यानं ओरडून तीन चहा सांगितले. दुकानात आम्ही दोघंच होतो. चहा आला. एक मला दिला, एक स्वतः घेतला, तिसरा कप ऐरणीवर ठेवला.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"हाय एक. येऊन राहिला."

आणि डोळ्यांवर काच ओढून तो बिजागरीला डाग द्यायला लागला. निळ्या उजेडात मी माझा चहा संपवला. बिजागरी झाली तोवर ऐरणीवरच्या चहावर साय धरली होती. "सावकाश जा सर," असं काहीतरी तो म्हणाला. त्या दिवसापासून मी त्याचा सर आणि तुमी झालो. दिग्या म्हणणारा माणूस माझ्या आयुष्यात तो एकटाच उरला होता. आईही आता नाही.

तो मला टाळतो असं नाही. टाळलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या लेकीच्या लग्नाला बोलावलं, मांडवात सगळ्यांसमोर "सर आले, सरांना खुर्ची द्या" म्हणाला. रमजान ईदला शीरखुर्म्याचा डबा येतो. डब्याबरोबर निरोप, "सरांना द्या." अकरा सीझन मी ते 'सर' गिळत आलो आहे.

हिंगोलीचा फोन आल्यावर चार दिवस मी व्याख्यानाचं टिपण काढत होतो. स्थळ, भाव, वाफसा. पाचव्या दिवशी घरामागचा कुकर फसफसला आणि त्या आवाजात मला काहीही ऐकू आलं नाही. नुसती वाफ. तेव्हा फार थकवा आला. खोटं सांभाळायलाही अंगात जोर लागतो, तो माझ्यात राहिलेला नाही. मी टिपण बाजूला ठेवलं आणि हे लिहायला घेतलं. मग हिंगोलीला फोन करून सांगितलं की ती कथा वाचायची तर ती कुणाची आहे हे मी आधी सांगणार.

"म्हणजे सर, तुम्ही कुणाकडून प्रेरणा घेतली होती असं म्हणायचंय का?" त्या मुलानं सांभाळून विचारलं.

"नाही. चोरली."

"मी विचारून कळवतो सर," तो म्हणाला. अजून कळवलेलं नाही.

काल हे कागद घेऊन वारंग्याला गेलो. सकाळची वेळ, दुकानापुढं दोन ट्रॅक्टर, एक ड्रम आडवा पडलेला. जब्बारनं "या सर" म्हणून स्टूल पुढं केलं. मी बसलो नाही. कागद पुढं केले आणि म्हणालो, "गोष्ट नाही. खरं आहे. वाच."

त्यानं हात पुसले, चष्मा लावला आणि ड्रमवर बसून वाचायला लागला. मला कुठं बघावं कळेना, म्हणून भिंतीकडं बघत राहिलो. भिंतीवर खिळ्यांना कागदाचे फर्मे लटकलेले असतात. झाकणात बसणारं रबरी पॅकिंग कापायचं तर आधी कागदाचं गोल कापून माप ठेवतात. त्यातलं एक गोल जुनं, तेलकट, तपकिरी झालेलं. किती वर्षं बघत आलो होतो. काल त्याच्यावर लाल शाई दिसली. जवळ गेलो. माझं अक्षर. 'बोलीभाषा टा' इथपर्यंत होतं, पुढचं कात्रीनं गेलं होतं. मधल्या भोकात पलीकडची भिंत दिसत होती.

"जाड कागद व्हता," जब्बार मागून म्हणाला. "फर्म्याला बराबर आला. सातच्या सात झाकनं केली त्या मापानं. चालून राहिलेत अजून, कुठं कुठं."

त्यानं वाचून संपवलं होतं. चष्मा काढला. "चांगलं लिहिलंय. रडून राहिलात, पन आवाज न करता." मग म्हणाला, "मी काय करू आता? माफ केलं म्हनू?"

"नको."

"बरं झालं. म्हननार नव्हतोच." त्यानं चष्मा खिशात ठेवला. "तुमाला वाटून राहिलं, तुमी ती 'येऊन राहिलो'ची वळ नेली म्हनून मला तकलीफ झाली. वळीचं काय? माही अम्मीबी रोज तेच म्हनायची. त्या सीझनला माह्या डोक्यात दुसरी गोष्ट व्हती. याच्याहून चांगली. म्या वाट बघून राहिलो, तुमी म्हनाल, जब्बार, आनखी लिही. तुमी लाल पेन चालवलं अन् मंग सोताच लिहिलं. मंग मी कुकर करत बसलो."

"कुठली गोष्ट होती ती?"

"आता कोनालाच न्हाई सांगत," तो म्हणाला, आणि ओठाच्या कोपऱ्यातून हसला. "तुमाला तर न्हाईच न्हाई."

ट्रॅक्टरवाला घाई करायला लागला होता. मी खिशातलं लाल पेन काढून त्याच्यापुढं धरलं. "चुका काढून दे."

पेनाकडं त्यानं बराच वेळ बघितलं. मला वाटलं, घेणार नाही. घेतलं. पानं मागं उलटत गेला, कढईपाशी आम्ही दोघं उकिडवे बसलो होतो त्या पानापर्यंत. तिथं काहीतरी लिहिलं. एकाच ठिकाणी, अगदी थोडं.

"वाफ बोलते का रे," त्यानं माझं वाक्य मोठ्यांदा वाचलं, माझ्याच मास्तरी आवाजात. "'का'? 'का' म्हनून कव्हा म्हनला बे तू? शाळा सुटंपर्यंत काहून, काहून करून डोस्कं खात व्हता माहं."

त्यालाही ऐकू आलं असावं, तो काय बोलून गेला ते. त्यानं कागद माझ्या हातात दिले, पेन वर ठेवलं आणि उठून ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, "आना, कुठं गळून राहिलं बघू." मग माझ्याकडं न बघता, "या मंग सर."

मी आलो. वाटेत दोन्ही बाजूंना कुकर लागले होते. वाफेत माणसांचे नुसते पाय चालत होते.

हिंगोलीहून बोलावणं आलं तर शनिवारी तिथं हेच वाचीन. नाही आलं तर हे छापायला देतोच आहे. त्यात त्यानं केलेली दुरुस्ती तशीच ठेवली आहे. वर, कढईपाशी बसलेल्या पोराच्या तोंडी 'काहून' हा शब्द आहे. त्यातलं पहिलं अक्षर माझं. पुढची दोन जब्बारची.